जुन्या जालन्याहून रेवदंड्याला

जुना जालना ज्या कुंडलिकेच्या काठी वसला आहे, तिचे पाणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. याच नावाची दुसरी नदी मात्र सह्याद्रीत उगम पावून रोह्यावरून पश्चिमेला वाहते आणि रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने जालनेकरांना भिवंडीपर्यंत अखंड द्रुतगती रस्ता मिळाला असून, तेथून पनवेल, पेण, वडखळ व अलिबागमार्गे रेवदंडा या छोट्या, अगत्यशील गावी पोहोचता येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, म्हणजे घरालगतच्या कुंपण घातलेल्या बागा, येथे थेट पोर्तुगीज तटाच्या आत आहेत आणि त्यांतून ‘सातखणी’, म्हणजे सात मजल्यांचा, आता बराच ढासळलेला मनोरा डोके वर काढतो.

शेजारचे चौल हे सातवाहनकाळापासूनचे बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास तेथेच उतरून जुन्नरमार्गे बिदरला गेला, त्यामुळे देशावरून या किनाऱ्याला येणारा प्रवासी वस्तुतः एका प्राचीन व्यापारी वाटेचीच दिशा धरतो. खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली क्रिओल, म्हणजे संकरातून जन्मलेली स्वतंत्र बोली, आजही बोलली जाते. रेवदंड्याची तटबंदी वाळूवरून पाहायची असल्यास ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी.