बोर्बनची क्रमवारी : जिभेची किती, लेबलाची किती?

मराठी घरात बोर्बन हा शब्द पहिल्यांदा येतो तो बिस्किटाच्या पुड्यातून. दोन चॉकलेटी बिस्किटे आणि मध्ये क्रीम. ते बिस्किट आणि केंटकीतली व्हिस्की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांचेही नाव शेवटी फ्रान्सच्या बूर्बों राजघराण्याकडे जाऊन पोहोचते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने मदत केली म्हणून आजच्या केंटकी राज्यातल्या एका काउंटीला हे नाव मिळाले. व्हिस्कीला ते त्या काउंटीवरून मिळाले की न्यू ऑर्लिन्समधल्या बोर्बन स्ट्रीटवरून, यावर इतिहासकार अजून भांडतात.

भांडणाचा दुसरा विषय अधिक ताजा आहे, आणि या लेखाचा विषय तोच. कोणती बोर्बन श्रेष्ठ? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाभोवती स्पर्धा, पदके, शंभरपैकी गुण आणि वार्षिक याद्या यांचा मोठा व्यवहार उभा राहिला. एखादा आकडा जाहीर होतो आणि आठवड्याभरात ती बाटली दुकानांतून नाहीशी होते. ज्यांचा मद्याशी संबंध नाही अशा वाचकांनाही यात रस वाटावा, कारण प्रश्न मद्यापुरता नाही: चव घेऊन लावलेला क्रम नेमके काय मोजतो? (दिवाळी अंकांच्या स्पर्धांचे निकाल दरवर्षी वाचणाऱ्यांना हा प्रश्न नवा नसेल.)

आधी बोर्बन म्हणजे काय ते पाहू, कारण तिची व्याख्या चवीने नव्हे, कायद्याने केलेली आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून निघणारे मद्य ८० टक्क्यांहून तीव्र नको. ते पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या आत हवी, आणि पिंप ओकचे, कोरे, आतून जाळून कोळसा केलेले हवे. बाटलीत भरताना किमान ४० टक्के. पाण्याखेरीज काहीही मिसळायचे नाही. रंग नाही, साखर नाही, अर्क नाही. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून बोर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले.

एवढा काटेकोरपणा उगाच आला नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिस्की पिंपाने विकली जाई आणि मधले व्यापारी तिचे काय वाटेल ते करीत. साध्या मद्यार्कात जाळलेली साखर आणि प्रुनचा रस घालून ‘जुनी व्हिस्की’ तयार होई. औषधविक्रीचा अनुभव असलेल्या जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी १८७० मध्ये लुइव्हिल शहरात आपली ‘ओल्ड फॉरेस्टर’ फक्त सीलबंद बाटल्यांतून विकायला सुरुवात केली, ती या बनवाबनवीला उत्तर म्हणून. पुढे कर्नल एडमंड टेलर आणि इतरांच्या खटपटीतून १८९७ चा ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा आला. एका भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे राहिलेली आणि बरोबर ५० टक्के तीव्रतेची व्हिस्की असेल तरच हे शब्द लेबलावर येऊ शकतात. अमेरिकेतल्या आरंभीच्या ग्राहकसंरक्षण कायद्यांत याची गणना होते. क्रमवारीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तळ पक्का आहे. खरी बोर्बन फार वाईट असू शकत नाही, आणि म्हणूनच चांगल्या दहांतला फरक लहान असतो.

हा फरक येतो कुठून? थोडा धान्यातून. मक्याचा गोडवा सगळीकडे असतो. दुसरे धान्य राय असेल तर चव मिरपुडीसारखी तिखट होते, गहू असेल तर मऊ राहते. थोडा आंबवणाऱ्या यीस्टमधून. पण रंग सगळा आणि चवीचा मोठा हिस्सा लाकडाचा. पिंप आतून जाळले की ओकमधल्या हेमिसेल्युलोजच्या साखरा होऊन करपतात, लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, टॅनिनमुळे तुरटपणा येतो, आणि लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे खोबऱ्याचा वास येतो. चवीच्या इंग्रजी वर्णनांत कॅरमेल, टॉफी, मेपल असे शब्द सतत येतात. आपल्या जिभेला ते उसने घ्यायची गरज नाही. काकवी, पाकाचा करपलेला काठ, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले सुके खोबरे, जायफळ, नव्या लाकडी पेटीचा वास: यांतले बहुतेक सगळे चांगल्या बोर्बनमध्ये सापडते. ‘खमंग’ आणि ‘करपट’ यांच्यामधली जी बारीक रेघ मराठी स्वयंपाकघर जाणते, तीच रेघ पिंप जाळणारा कारागीर सांभाळत असतो.

मग हवामान. केंटकीतली गोदामे अनेक मजल्यांची, बहुतेक विनातापवणीची. उन्हाळ्यात मद्य फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आक्रसून बाहेर येते. वरच्या मजल्यावरची पिंपे तापतात, तिथले मद्य लवकर गडद आणि तीव्र होते. खाली संथपणे मुरते. दरवर्षी काही टक्के उडून जाते, त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपे आठ वर्षांनी वेगळी निघतात. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी याच गोष्टीचा फायदा घेऊन ‘ब्लँटन्स’ बाजारात आणली. अनेक पिंपांची सरमिसळ करून सारखेपणा साधण्याऐवजी एका बाटलीत एकाच पिंपातले मद्य. तोपर्यंत वेगळेपणा हा दोष समजला जात होता, तो आता गुण म्हणून विकला जाऊ लागला. मात्र तेव्हापासून क्रमवारीचा एक घोटाळाही सुरू झाला: परीक्षकाने चाखलेले पिंप आणि तुमच्या हातातली बाटली ज्या पिंपातून भरली ते, ही दोन वेगळी असतात.

सगळ्यांत गाजलेले उदाहरण ‘पॅपी व्हॅन विंकल’चे. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकी तरुणांना व्होडका आवडू लागली, बोर्बन आजोबांचे पेय ठरले आणि गोदामांत पिंपे न विकता पडून राहिली. व्हॅन विंकल घराण्याची लुइव्हिलजवळची स्टिट्झेल-वेलर ही भट्टी १९३५ मध्ये सुरू झाली होती. १९७२ मध्ये ती विकावी लागली आणि १९९२ मध्ये बंद पडली. नातू ज्युलियन व्हॅन विंकल तिसरे यांनी अशी कुणाला नको असलेली जुनी पिंपे घेऊन बाटल्या भरल्या. वीस वर्षे मुरलेली बोर्बन तेव्हा शक्य झाली ती आधी ठरवलेल्या योजनेमुळे नव्हे, तर गिऱ्हाईक नसल्यामुळे. १९९० च्या दशकात शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने वीस वर्षांच्या पॅपीला शंभरपैकी ९९ गुण दिले आणि चित्र पालटले. २००२ पासून ही व्हिस्की फ्रँकफर्ट गावातल्या बफेलो ट्रेस भट्टीत तयार होते. आज बाटली जाहीर किमतीत क्वचितच मिळते. चढ्या बाजारात तिचे अनेक पट मोजावे लागतात. २०१३ मध्ये याच कारखान्यातून पॅपीचे सुमारे ६५ खोके चोरीला गेल्याचे उघड झाले आणि पुढे तिथल्याच एका कर्मचाऱ्याने गुन्हा कबूल केला.

आता गंमत पाहा. त्याच भट्टीत, गव्हाच्या त्याच कृतीने ‘वेलर’ नावाची बोर्बन होते. फरक आहे तो वर्षांचा, गोदामातल्या जागेचा आणि निवडीचा. हा फरक खोटा नाही, पण किमतीतल्या दरीएवढा तो जिभेला जाणवत नाही. ‘गरिबाची पॅपी’ हे वेलरचे टोपणनाव इतके पसरले की आता तीही सहज मिळत नाही. आणखी एक गोष्ट अनेक जाणकार बोलून दाखवतात: पॅपीच्या मालिकेत सर्वांत महाग तेवीस वर्षांची, पण जिभेला समतोल वाटते ती पंधरा वर्षांची. कोऱ्या जळक्या ओकमध्ये फार काळ राहिलेली बोर्बन तुरट आणि लाकूडमय होते. आकडा मोठा म्हणून माल चांगला, हा हिशेब इथे चुकतो.

परीक्षकांच्या जिभेवर कितपत विसंबावे? याचा चांगला अभ्यास व्हिस्कीपेक्षा वाइनच्या बाबतीत झाला आहे. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा समोर ठेवली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जेमतेम दहा टक्के परीक्षक तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या टप्प्यात ठेवू शकले. त्याच वर्षी कॅलटेकच्या संशोधकांनी दाखवले की तीच वाइन दहा डॉलरची म्हणून दिली आणि नंतर नव्वद डॉलरची म्हणून दिली, तर दुसऱ्या वेळी लोक ती अधिक आवडल्याचे सांगतात. इतकेच नव्हे, मेंदूच्या सुखद अनुभवाशी निगडित भागातली हालचालही वाढते. म्हणजे महागड्या बाटलीचे कौतुक करणारा माणूस दरवेळी ढोंगीच असतो असे नाही. त्याला ती खरोखरच अधिक छान लागत असते. लेबल झाकण्याची गरज आहे ती लबाडी पकडण्यासाठी नव्हे, तर या प्रामाणिक फसगतीसाठी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक मद्यस्पर्धेत लेबले झाकलेली असतात, आणि म्हणूनच तिथला २०१९ चा निकाल वाचण्यासारखा आहे. सर्वोत्कृष्ट व्हिस्की ठरली ‘हेन्री मॅकेना’, दहा वर्षांची, बॉटल्ड इन बाँड, दुकानात खालच्या फळीवर माफक किमतीत मिळणारी. झाकल्या लेबलाने न्याय केला. पण निकाल लागताच ती फळीवरून उडाली, किंमत चढली, आणि ज्या गुणामुळे ती साध्या माणसाच्या आवाक्यात होती तो गुणच गेला.

क्रमवारीचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न मला वाटतो तो बफेलो ट्रेसच्या ‘सिंगल ओक प्रोजेक्ट’चा. ओकची ९६ झाडे निवडली, प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या भागापासून एकेक पिंप केले: १९२ पिंपे. बदलणाऱ्या गोष्टी सात. कृतीत राय की गहू, भरतानाची तीव्रता, फळ्या सहा महिने उन्हापावसात ठेवल्या की बारा, गोदाम लाकडी घडवंच्यांचे की काँक्रीटच्या मजल्यांचे, जळण तिसऱ्या क्रमांकाची की चौथ्या, झाडाचा वरचा भाग की खालचा, आणि लाकडाचे पोत तीनपैकी कोणते. सहा गोष्टींचे प्रत्येकी दोन पर्याय आणि सातवीचे तीन. गुणाकार बरोबर १९२. आठ वर्षे मुरवून २०११ ते २०१५ या काळात दर तिमाहीला बारा पिंपांच्या बाटल्या निघाल्या. पिणाऱ्याने आधी गुण द्यायचे, मगच पिंपाची कुळकथा कळायची. हजारो लोकांनी मते नोंदवली आणि ८० क्रमांकाचे पिंप पहिले आले: रायची कृती, ६२.५ टक्क्यांनी भरलेले, झाडाच्या खालच्या भागाचे, चौथ्या क्रमांकाची जळण असलेले.

या प्रयोगात मला एक उणीव दिसते. प्रत्येक जुळणीचे पिंप एकच होते. ८० क्रमांकाचे जुळे पिंप शेजारीच ठेवले असते तर तेही पहिले आले असते का, हे या रचनेतून समजत नाही. तरीही सात गोष्टींपैकी कशाने सरासरी कल बदलतो हे त्यातून काढता येते, आणि कोणत्याही ‘टॉप टेन’ यादीपेक्षा हे फार अधिक आहे.

घरी कुणाला हे करून पाहायचे असेल (महाराष्ट्रात त्यासाठी परवाना लागतो, तेवढे ध्यानात ठेवून) तर पद्धत सोपी आहे. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. पेल्यांना फक्त क्रमांक. एका बैठकीत चार-पाचांपेक्षा जास्त नाहीत, कारण त्यानंतर नाक बधिर होते. कमी तीव्रतेकडून जास्तीकडे जायचे. पेला तोंडाशी आणताना ओठ किंचित उघडे ठेवले की अल्कोहोलचा झणका नाकात बसत नाही. घोट चावल्यासारखा तोंडात फिरवायचा. बुकर नो यांच्यामुळे रूढ झालेल्या या रीतीला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. थोडे पाणी घालून पुन्हा पाहायचे. त्यात कमीपणा काही नाही, पाण्याने काही गंधद्रव्ये पृष्ठभागाकडे येतात. सर्वांत कठीण कसोटी तीन पेल्यांची: दोनांत एकच मद्य, तिसऱ्यात दुसरे, वेगळा कोणता ते सांगा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतेच, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. दोन बाटल्यांतला फरकच ओळखता येत नसेल तर एकीला ९३ आणि दुसरीला ९५ गुण देण्याला अर्थ उरत नाही. क्रम लावलाच तर आठवड्याने, पेल्यांचे क्रमांक बदलून, पुन्हा लावून पाहावा.

कोऱ्या पिंपाच्या नियमामुळे केंटकीत एकदा वापरलेले पिंप बोर्बनसाठी पुन्हा चालत नाही. अशी पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात, आणि काही आपल्याकडे, बंगळुरूला आणि गोव्यात कुंकळ्ळीला. तिथल्या उकाड्यात देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षाही मोठा असतो आणि पाच-सात वर्षांतच मद्य पुरेसे मुरते. जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाच्या ‘व्हिस्की बायबल’ने २०१० च्या आवृत्तीत बंगळुरूच्या ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान दिले होते, आणि २०२१ च्या आवृत्तीत गोव्याच्या पॉल जॉनची ‘मिथुन’ तिसरी आली. ही यादी एकाच माणसाच्या जिभेची आहे, तेव्हा वर सांगितलेल्या शंका तिलाही लागू. पण ‘मिथुन’ कोऱ्या अमेरिकी ओकमध्ये मुरून शेवटी बोर्बनच्याच जुन्या पिंपात राहिलेली आहे, आणि तिच्या लेबलावर वयाचा आकडा छापलेला नाही.