मंडपाबाहेरचा श्रोता

डिसेंबर महिना आला कीं पुण्यांतील पुष्कळ घरांतून शाली, सतरंज्या आणि थर्मास बाहेर निघतात. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनीं 1953 सालीं सुरू केलेल्या संगीत-महोत्सवाची ही पूर्वतयारी असते. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तीस-बत्तीस वर्षें या मंडपांत भारतीय बैठकीवर बसत आले. पुढें गुडघ्यांनीं असहकार पुकारला. मंडप कांहीं फार दूर नव्हता. पण जिना उतरणेंच अशक्य झालें. ते मला म्हणाले, "गाणें याच गांवांत चाललें आहे, आणि मला मात्र तें उद्यां वर्तमानपत्रांत वाचावयाचें, हा कोठला न्याय?" या प्रश्नाचें पुरें उत्तर माझ्याजवळ नाहीं. अर्धें मात्र सामुदायिक रेडिओ या नांवानें जो प्रकार आपल्याकडे रूढ झाला आहे, त्यांत सांपडतें.

आकाशवाणी साऱ्या प्रांताशीं बोलते, व्यापारी केंद्रें गिऱ्हाइकांशीं बोलतात. सामुदायिक केंद्र आपल्या आळीशीं बोलतें. त्याची प्रक्षेपणशक्ति सामान्यतः 100 वॅटपर्यंत आणि खास परवानगीनें 250 वॅटपर्यंत असूं शकते. मनोरा 30 मीटरांहून उंच असतां कामा नये. त्याचा आवाज पांच-दहा किलोमीटरांच्या परिसरांत पोंचावा, एवढीच अपेक्षा. निदान निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागानें घडलेले असावेत, असा दंडक आहे.

ही मुभा सहजासहजीं मिळालेली नाहीं. 1995 सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते. आणि वाद होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा! म्हणजे खेळ पाहावयाच्या हक्कावरून भांडण निघालें आणि बोलावयाचा हक्क हातीं आला. 2004 सालीं चेन्नईच्या अण्णा विद्यापीठांत असें पहिलें केंद्र सुरू झालें. पुणें विद्यापीठाची 'विद्यावाणी' 2005 सालीं 107.4 मेगाहर्ट्‌झवर बोलूं लागली, आणि 2006 च्या धोरणानें शिक्षणसंस्थांखेरीज सेवाभावी संस्थांनाही दार उघडलें.

आतां उत्सवांशीं याचा संबंध काय? नामांकित गवयाच्या मैफलीला श्रोते मिळतातच. खरी गरज लहान उपक्रमांना असते. 1963 पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका-स्पर्धा घ्या. महाविद्यालयीन मुलें महिना-दीड महिना तालमी करतात. भरत नाट्य मंदिरांत जागा सांपडेल तेवढे लोक तीं नाटकें पाहतात. बाकी शहराला निकालाचा दिवस तेवढा कळतो. त्या मुलांपैकीं कोणी ध्वनिक्षेपकासमोर बसून आपली एकांकिका कशी बसली, कोणतें वाक्य शेवटपर्यंत जमेना, प्रकाशयोजनेनें ऐन वेळीं कसा दगा दिला, हें सांगितलें, तर घरीं बसलेला माणूस नाटकाच्या पोटांत शिरतो. प्रेक्षागृहांतील पहिल्या रांगेलाही ही गोष्ट लाभत नाहीं. मात्र नाटक जसेंच्या तसें प्रक्षेपित केलें तर फसगत होते. मूकाभिनयाचा अर्धा मिनिट म्हणजे कानाला अर्धा मिनिट बिघाड! अशा जागीं कोणी तरी हळू आवाजांत दोन वाक्यें घालावीं लागतात, आणि ती मोठी अवघड कला आहे. संगीताला ही अडचण नाहीं. म्हणून गाण्याच्या उत्सवांपासून आरंभ करावा हें बरें.

संमतीची बाबही सोडून चालत नाहीं. 1994 च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांत कलावंताचा हक्क मान्य झाला आहे. त्याच्या अनुमतीवांचून त्याचें गाणें मुद्रित करून प्रक्षेपित करतां येत नाहीं. तेव्हां हौशी कार्यकर्त्यांनीं खिशांतला फोन उंच धरण्यापूर्वीं गायकाची लेखी संमति घ्यावी. पुष्कळ कलावंत पांच-सात मिनिटांच्या अंशाला आनंदानें होकार देतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी एक गोष्ट माझ्या मनाला विशेष लागून राहिली आहे. पूर्वीं सवाईचा महोत्सव रात्रभर चाले, आणि पहांटेचे राग पहांटे ऐकावयास मिळत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्यावरील ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षांतील मोजक्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, तेवढीच. नियम योग्य आहे. आजाऱ्याला झोंप हवी. पण उशाशीं ठेवलेल्या रेडिओनें कोणाची झोंप मोडत नाहीं. मंडपांतून हद्दपार झालेल्या ललत-भैरवाला पहांटे चार वाजतां जागा देण्यास लहान केंद्राला कोणाची आडकाठी आहे? ध्वनिमुद्रण असावें आणि एक जागा स्वयंसेवक असावा, म्हणजे झालें.

ऐकणारानेंही थोडे श्रम घेतले पाहिजेत. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मध्यें टेंकडी किंवा उंच इमारत आली कीं खरखर सुरू होते. रेडिओ कपाटावर न ठेवतां केंद्राच्या दिशेच्या खिडकींत ठेवावा, तार पूर्ण उघडावी, आणि हातानें दोन-चार कोन करून पाहावे.

माझ्या त्या वृद्ध स्नेह्यांनीं असेंच केलें. एका सायंकाळीं एका लहान केंद्रावर महोत्सवांत गाइलेल्या रागांची ओळख चालली होती. निवेदन करणाऱ्या मुलीनें मारवा म्हणून जो ऐकविला तो पूरिया निघाला. स्वर दोहोंचे तेच. पण मारव्यांत कोमल रिषभ आणि धैवत पुढें येतात, तर पूरियांत गंधार आणि निषाद. गृहस्थ खवळले. त्यांनीं जुन्या सवयीनें एक सविस्तर पोस्टकार्ड लिहून केंद्राकडे धाडलें. आठ दिवसांनीं त्या मुलीचा फोन आला: चूक कबूल, आणि पुढील गुरुवारीं या दोन रागांतला फरक आपणच सांगाल का, घरूनच, टेलिफोनवर? गुरुवारीं त्यांनीं दुपारचें जेवणही वेळेआधीं उरकलें. बोलणें बारा मिनिटांचें ठरलें होतें. तें एकवीस मिनिटें चाललें.