मुक्काम आहे, पोस्ट नाही
ऊसतोड कुटुंबांचा चाकावरचा संसार आणि त्यातला रमजान

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दरवर्षी तेवढे दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून होतो. शहरातल्या रोजेदाराला त्यातला फरक उन्हाळ्याचे लांब रोजे आणि हिवाळ्याचे आखूड रोजे एवढाच जाणवतो. सोलापूर जिल्ह्यात मात्र आणखी एक वर्ष चालतं. ते साखर कारखान्यांचं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचं धुराडं पेटतं आणि फेब्रुवारी-मार्चात पट्टा पडतो. २०१५ ते २०१८ या काळात रमजान मे ते जुलैमध्ये यायचा. तेव्हा ऊसतोड मजूर आपापल्या गावी असायचे. २०२५ साली रमजान २ मार्चला सुरू झाला आणि आता तो फेब्रुवारीत शिरला आहे. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा सुरू होईल. म्हणजे पुढची आठ-दहा वर्षं रमजान आणि उसाचा हंगाम एकमेकांना भेटतच राहणार आहेत.

ही भेट ज्यांच्या घरात होते, ती घरं चाकावरची आहेत.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेच्या दोन्ही काठांना ऊस पसरत गेला. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. माळशिरस, पंढरपूर, माढा, करमाळा, मोहोळ अशा तालुक्यांत त्यांची धुराडी दिसतात आणि सोलापूर शहराला लागून कुमठ्याचा सिद्धेश्वर कारखाना आहे. या कारखान्यांचा ऊस तोडायला बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागांतून आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू पट्ट्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. त्यांत वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, दलित असे सगळे असतात. संख्येने थोडी असली तरी मुस्लिम कुटुंबंही असतात. टोळीत जात-धर्म वेगवेगळा असला तरी हिशेबात सगळ्यांची ओळख एकच, कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम देतो ती उचल, आणि ती फिटेपर्यंत तोडायचा तो ऊस.

गाडीत मावेल तेवढं घर

दसरा-दिवाळीनंतर गाव सोडताना घरातलं काय घ्यायचं, हे गाडीच्या मापावर ठरतं. पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीचं पोतं, तवा, काठवट, दोन-तीन पातेली, पाण्याचे हंडे, वाकळा, कोयते, प्लास्टिकचा कागद. वर एखादी शेळी, टोपलीखाली चार कोंबड्या आणि गाडीमागे चालणारं कुत्रं. अलीकडे मोबाइल आणि उन्हावर चार्ज होणारा दिवाही सोबत असतो. म्हातारी माणसं घर राखायला मागे राहतात. शाळेत जाणारं मूल त्यांच्याजवळ ठेवायचं की सोबत न्यायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात दरवर्षी नव्याने निघतो.

टायरची बैलगाडी असलेले मजूर कारखान्याजवळ तळ देतात आणि आसपासच्या शिवारात तोडायला जातात. डोकी सेंटरचे मजूर फडाजवळ राहतात. तिथे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या असतात. एका गावचा ऊस संपला की त्याच ट्रॉलीत संसार चढतो आणि पुढच्या गावी उतरतो. आता बैलांऐवजी मिनी ट्रॅक्टरला जोडलेलं जुगाडही रस्त्यावर दिसतं. वाहन कुठलंही असो, त्याच्या शेजारी उभी राहते ती कोपी. बांबू वाकवून त्यावर चटया आणि प्लास्टिक टाकलेली ही झोपडी एवढी ठेंगणी असते, की आत शिरायला वाकावंच लागतं. चूल दाराबाहेर, न्हाणी म्हणजे चार काठ्यांना बांधलेलं जुनं लुगडं किंवा पोती, आणि अंगण म्हणजे बैलांची दावण. संसारात बैलांचा क्रमांक पहिला. माणसांचं ताट वाढण्याआधी त्यांच्यापुढे वाढं पडतं.

अमेरिकेत मोटारीला जोडलेल्या फिरत्या घरात बारा महिने राहणारी कुटुंबं आहेत. त्या घरात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, मोरी सगळं बसवलेलं असतं. पण तो संसार सुखाचा होतो त्याचं अर्धं कारण गाडीबाहेर असतं. अनेक थांब्यांवर तिथे भाडं भरलं की विजेची तार, पाण्याची नळी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. घर फिरतं असलं तरी चालतं, थांबण्याची जागा पक्की हवी. आपल्या उसाच्या पट्ट्यात नेमकी तीच कच्ची आहे. पाणी शेतकऱ्याच्या बोअरवरून किंवा टँकरवरून डोक्यावर आणायचं, उजेड चुलीचा आणि बॅटरीचा, आणि बायकांना आडोशाला जायचं तर दिवस उजाडायच्या आत किंवा मावळल्यावर.

सहरीच्या आधी पेटलेली चूल

रमजानात शहर पहाटे जागं होतं. मोहल्ल्यांत दिवे लागतात, मशिदीच्या भोंग्यावरून सहरीची वेळ सांगितली जाते. उसाच्या तळावर ही पहाट रोजचीच आहे. तीन-साडेतीनला बाई उठते, चूल पेटवते, दोन्ही वेळच्या भाकरी थापते. रोजा नसलेल्या कोप्यांतही तेच चाललेलं असतं. फरक एवढाच, की मुस्लिम कोपीतली भाकरी साडेपाचच्या आत खाऊन होते आणि शेजारच्या कोपीतली फडक्यात बांधून फडावर जाते.

मग दिवसभर तोडणी. नवरा बुडख्याला कोयता मारतो, बायको पाचट काढून कांड्या साळते आणि मोळ्या बांधते. ऊस चांगला उभा असेल तर एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. जानेवारी २०२४ मधल्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. फेब्रुवारीच्या शेवटी सोलापूरचं ऊन काय असतं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. उसाच्या फडात वारा शिरत नाही, पानांनी हात-मान चिरते, आणि घशाला कोरड पडते ती पाचटाच्या धुळीने आणखी वाढते.

इफ्तारची वेळ सहा-साडेसहाच्या सुमाराला येते. नेमकी तीच गाडी कारखान्यावर रांगेत उभी असण्याची वेळ. वजनकाट्यापाशी नंबर लागेपर्यंत दोन तासही जातात आणि चारही. गाडीवान खजूर आणि पाण्याची बाटली जुवाजवळ ठेवतो, गावातल्या मशिदीची अजान ऐकू आली तर तिच्यावर, नाही तर मोबाइलवर रोजा सोडतो. बायको आणि मुलं कोपीपुढे. एका कुटुंबाचं दस्तरखान असं दोन जागी पसरलेलं असतं. सगळ्यांनाच सगळे रोजे निभावत नाहीत. कोणी महिनाभर धरतो, कोणी पहिला, शुक्रवारचे आणि शेवटचे काही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जिवाची काळजी असेल तर, आणि पाळीच्या दिवसांत प्रत्येक स्त्रीला, धर्माने रोज्यातून सूट दिली आहे. ते रोजे नंतर भरून काढता येतात. पण तिचा रोजा सुटला तरी कोयता सुटत नाही. खाडा पडला तर त्याचा दंड उचलीवर चढतो.

तळावर एक गोष्ट मात्र शहरापेक्षा सोपी आहे. ईदचा चंद्र शोधायला तिथे गच्चीवर चढावं लागत नाही.

मुसाफिर कोण, मुकीम कोण

कुरआनने मुसाफिराला, म्हणजे प्रवाशाला, रोजा पुढे ढकलायची मुभा दिली आहे. प्रवासात राहिलेले रोजे नंतर घरी परतून पूर्ण करायचे. चार रकातींची फर्ज नमाजही प्रवासात दोनच रकाती होते. मग सहा महिने गाव सोडून राहणारा ऊसतोड मजूर मुसाफिर आहे का?

सोलापूरचे बहुतेक मुस्लिम हनफी परंपरा मानतात. तिचा नियम स्पष्ट आहे. गावापासून सुमारे ७८ किलोमीटरपेक्षा लांब निघालेला माणूस मुसाफिर. पण तो एखाद्या ठिकाणी पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस राहायच्या इराद्याने उतरला, की त्या क्षणापासून तो तिथला मुकीम, म्हणजे रहिवासी. मग त्याची सूट संपली. नमाज पूर्ण, रोजे पूर्ण. या हिशेबाने कारखान्याच्या तळावर चार महिने राहणारा बीडचा गाडीवान कुमठ्याचा किंवा माळीनगरचा मुकीम ठरतो. दर आठ-दहा दिवसांनी गाव बदलणारं डोकी सेंटरचं कुटुंब मुसाफिरच राहतं.

'मुकीम' आणि मराठीतला 'मुक्काम' हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आलेले आहेत. आपण पत्रावर 'मु. पो.' लिहितो त्यातला 'मु.' तोच. माणूस जिथे थांबला, तिथे त्याचा मुक्काम. धर्मशास्त्राने पंधरा दिवसांच्या इराद्यावर माणसाला त्या जागेचा रहिवासी मानलं आणि रहिवाशाची कर्तव्यं त्याच्यावर टाकली. आपला व्यवहार मात्र पाच-सहा महिन्यांनंतरही त्याला रहिवासी मानायला तयार होत नाही. त्याचा मुक्काम आहे, पण पोस्ट नाही. गावच्या यादीत त्याचं नाव नाही, शाळेच्या पटावर त्याचं मूल नाही, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर त्याचं बाळ नाही.

कागदावर बरंच काही आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, अगदी वर्षाच्या मध्येही, प्रवेश मिळायला हवा. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, मजुरांच्या गावी हंगामी वसतिगृहं निघाली, मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे बीडचं धान्य सोलापुरात उचलता येतं. पण धान्य द्यायच्या यंत्राला बोटाचा ठसा लागतो, आणि कोयत्याने घासलेल्या बोटाचा ठसा पहिल्या खेपेला उमटेलच असं नाही. दुकान तळापासून लांब असतं आणि एक फेरी म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. शाळेचंही तसंच. आई-बाप फडात गेले की आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीत बसते. तिच्यासाठी शाळा दोन किलोमीटरवर असली काय आणि वीस किलोमीटरवर असली काय, सारखंच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हा प्रश्न एकदम उघडा पडला. कारखाने थांबले आणि राज्यभर एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर तळांवर अडकले. जिथे होते तिथे ते बाहेरचे, आणि आपल्या गावी जायला बंदी. एप्रिलच्या मध्यावर सरकारने परतायची परवानगी दिली, तोवर कित्येकांचा पोत्यातला दाणा संपला होता.

शेजारी कोणाला म्हणायचं

रमजान हा हिशेबाचा महिना आहे. जकात याच महिन्यात काढायची बहुतेकांची रीत आहे. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत एक 'इब्नुस्सबील' आहे. शब्दशः अर्थ वाटेचा मुलगा, म्हणजे वाटेत अडकलेला प्रवासी. गावी त्याचं घर असेल, शेताचा तुकडा असेल, तरी आत्ता वाटेवर तो गरजवंत असेल तर त्याचा हक्क लागतो. जकातीचे नियम काटेकोर आहेत. सदका मात्र कुठल्याही धर्माच्या गरजवंताला देता येतो, आणि शेजाऱ्याचा हक्क तर इस्लामने धर्म न विचारता सांगितला आहे. उसाच्या तळावर बहुतेक शेजारी हिंदू आहेत, म्हणून ही गोष्ट आणखी महत्त्वाची. त्यांच्यासाठी काही करायचं तर ते एका समाजाचं काम राहत नाही. मंडळं, महिला बचत गट, महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे गट, मशिदीच्या कमिट्या, सगळ्यांना त्यात जागा आहे.

आणि लागतं ते फार मोठं नाही. तळावर पाण्याची एक टाकी, बायकांसाठी दार लागणारी दोन स्वच्छतागृहं, संध्याकाळी उजेड देणारा एक खांब. तोडणी चालू असेपर्यंत लहान मुलांना सांभाळणारी एक बाई. आठवड्यातून एकदा तळापर्यंत येणारी आरोग्यसेविका. विजापूर वेशीच्या मीना बाजारात ईदची खरेदी रात्री उशिरापर्यंत चालते. त्या वेळी तळावरच्या मुलांच्या मापाचे चार कपडे जास्त घेतले, तर ते पोचवायला फार लांब जावं लागत नाही. पण कपडे एका दिवसाचे असतात, टाकी आणि पाळणाघर पुढच्या हंगामालाही उपयोगी पडतात. म्हणून कारखान्याकडे, ग्रामपंचायतीकडे त्यांची मागणी करणं हेही त्याच शेजारधर्मात येतं, आणि ती मागणी बोलकी होते ती स्थानिक मतदाराने केली तर. मजुराचं मत दुसऱ्या जिल्ह्यात असतं.

ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा काढायचा असतो, तो यासाठी, की त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. कोपीतल्या माणसांची मोजदाद या हिशेबात कोणी करतं का, हे विचारायची वेळ आता आहे. पट्टा पडला की पेटी, हंडे, वाकळा पुन्हा गाडीत चढतील, कोपीचे बांबू उपटले जातील, आणि चार महिने इथे राहिलेला मुकीम पुन्हा मुसाफिर होऊन बीडच्या वाटेला लागेल.