कोळंबीची खुंटलेली वाढ आणि कर्जफेडीचे गणित

गोड्या पाण्यातील महाकाय कोळंबी बाजारात ‘स्कँपी’ या नावाने ओळखली जाते. तिच्या संवर्धनाचे प्रकल्प अहवाल बहुधा सरळ हिशेबावर आधारलेले असतात : सोडलेली पिले, त्यांतील जगणाऱ्यांचे प्रमाण, सरासरी वजन आणि बाजारभाव. प्रत्यक्षात सहा-सात महिन्यांनी तळे रिकामे केले की काही कोळंबी भरघोस वाढलेली, तर बरीचशी बोटाएवढीच राहिलेली आढळते. अशा वेळी दोष खाद्याला दिला जातो आणि खाद्यावरील खर्च वाढतो. परंतु या विषमतेचे प्रमुख कारण या प्राण्याच्या जीवनक्रमातच दडलेले आहे.

नरांची उतरंड

कोळंबीचे कवच ताणले जात नाही. जुने कवच टाकल्यावरच, म्हणजे कात टाकल्यावरच, तिचे शरीर वाढते. ही वाढ सर्व नरांत सारखी होत नाही. 1980 च्या दशकात इस्राएलमधील संशोधकांनी नरांचे तीन प्रकार स्पष्ट केले. निळ्या लांब नांग्यांचे नर वर्चस्व गाजवतात. त्यांची स्वतःची वाढ जवळजवळ थांबलेली असते. नारिंगी नांग्यांचे नर सर्वांत वेगाने वाढतात. उरलेले लहान नर मात्र, खाद्य मुबलक असले तरी, मोठ्यांच्या सहवासात खुरटलेलेच राहतात. मुरलेल्या तळ्यात साधारणतः निम्मे नर लहान, सुमारे चार दशांश नारिंगी आणि एक दशांश निळे असतात.

ही खुरटलेली अवस्था कायमची नसते, ही बाब व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. निळे नर काढून घेतले की लहान नरांपैकी अनेक नारिंगी अवस्थेत जातात आणि झपाट्याने वाढू लागतात.

मादी, बीज आणि विषाणू

मादी वयात आल्यावर तिची शक्ती अंड्यांकडे वळते आणि वाढ मंदावते. तिसरे कारण बीजाचे आहे. या जातीच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला बीजासाठी उबवणी केंद्रावरच अवलंबून राहावे लागते. केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या त्याच मोजक्या कोळंबीपासून बीज घेतल्यास निकट प्रजननामुळे वाढीचा जोम घटतो. 2005 च्या सुमारास भारताचे स्कँपी उत्पादन शिखरावर होते. पुढील काही वर्षांत ते झपाट्याने घसरले. रोगांबरोबरच बीजाची खालावलेली प्रतही त्याला कारणीभूत मानली जाते. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 2007 पासून गुजरात, केरळ व ओडिशातील कोळंबीच्या संकरातून निवड पद्धतीने सुधारित वाण विकसित करण्याचे काम हाती घेतले, ते याच उणिवेवर उपाय म्हणून.

रोगाचीही शक्यता लक्षात घ्यावी लागते. अकाली वयात येऊन खुजी राहणाऱ्या कोळंबीत एक नवा विषाणू आढळल्याचे चिनी संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा तळ्यातील लहान-मोठे दोन्ही आकार दिसत असतील, तर प्रथम उतरंडीचा विचार करावा. जवळजवळ सगळीच कोळंबी खुजी असेल, तर बीज, पाणी आणि रोग यांची तपासणी करून घ्यावी.

व्यवहारातील बोध

सोडण्यापूर्वी पिलांची आकारानुसार प्रतवारी करावी, तळ्यात लपण्यासाठी आसरे ठेवावेत आणि शेवटी एकदाच तळे उपसण्याऐवजी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मोठ्या आसाच्या जाळ्याने मोठी कोळंबी वेचून विकावी. यामुळे उत्पन्न टप्प्याटप्प्याने हाती येते आणि मागे राहिलेल्या कोळंबीलाही वाढण्यास वाव मिळतो.

किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यसंवर्धकांना देण्याची घोषणा 2018-19 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. या खेळत्या भांडवलाची परतफेड ठरवताना वेचणीचे हे वेळापत्रक विचारात घेणे कर्जदार आणि शाखा या दोघांच्याही हिताचे आहे. अहवालातील सरासरी वजनाशेजारी ‘कोणत्या आकाराची किती’ हा एक रकाना वाढवला, तरी अंदाज वास्तवाच्या पुष्कळ जवळ येईल.