विंडोज दहा संपलं म्हणजे आपला कॉम्प्युटर संपला का?

मागच्या मंगळवारी रेडिओवर हा विषय काढला आणि पाच मिनिटांतच आमची वेळ संपली. मग फोन येत राहिले. काहींनी तर थेट स्टुडिओचा जिना चढून येऊन विचारलं. म्हणून राहिलेलं बोलणं इथे लिहून देतोय. बोलल्यासारखंच वाचा.

सुरुवात एका ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ताईंमुळे झाली. त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू केला की निळा पडदा यायचा आणि त्यावर इंग्रजीत मोठा मजकूर. तालुक्याच्या दुकानात दाखवला तर उत्तर आलं, "ताई, हा आता बाद. विंडोज टेन बंद झालं. नवा घ्या." आणि हातात कोटेशन, अडतीस हजारांचं. बैठकीत ठरावही झाला, चेकवर दोन सह्या झाल्या, तिसरी तेवढी राहिली होती. तिसऱ्या सहीवाल्या ताई आमच्या श्रोत्या. त्या म्हणाल्या, "आधी रेडिओवाल्यांना विचारते." अडतीस हजार म्हणजे त्यांच्याकडे दोन-तीन बायकांचं शेळीसाठीचं कर्ज. म्हणून आम्हीही हे गंमत म्हणून घेतलं नाही.

आता बातमी काय, ते आधी सांगतो. विंडोज दहा बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. तेव्हा कंपनीच्याच एका माणसानं भाषणात म्हटलं होतं की हे शेवटचं विंडोज. लोकांनी ते खरं मानलं. पुढे अकरा आलंच, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं दहाची मोफत देखभाल थांबवली. बातमी एवढीच. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही आणि उद्याही त्या कारणानं पडणार नाही. हिशोबाची फाईल उघडेल, प्रिंट निघेल, सगळं होईल.

मग थांबलं काय? असं समजा की आपल्या मातीच्या घराला महिन्यातून एकदा बाई येऊन लिंपून जायची. जिथे भेग दिसेल तिथे माती. विंडोजचंही तसंच असतं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कंपनी नव्यानं सापडलेल्या भेगा बुजवते. कॉम्प्युटर बंद करताना "अपडेट होतंय, बंद करू नका" असं येतं आणि आपण वैतागतो, ते हेच लिंपण. आता ते थांबलं. घर उभं आहे, पण पुढच्या पावसात निघणारी भेग तशीच राहणार.

यात एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. विंडोज दहा आणि अकरा ही सख्खी भावंडं, आतली बरीच बांधणी एकच. अकराची भेग बुजवली की ती कुठे होती हे जगाला कळतं. मग चोर तीच भेग दहाच्या घरात शोधतो, आणि तिथे ती उघडीच असते. म्हणजे दिवस जातील तसा धोका वाढत जातो. पहिल्या महिन्यात काही झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही असं नाही.

हे नुसतं घाबरवणं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांची कामं अडवली, रुग्णांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ज्या भेगेतून तो शिरला, तिचं लिंपण कंपनीनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं आणि कंटेनरच्या रांगा लागल्या.

तर करायचं काय? आम्ही चौघी ग्रामसंघाच्या ऑफिसात जाऊन बसलो. पहिलं काम, यंत्र कोणत्या पिढीचं ते बघणं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, आणि तिथे सगळ्यात खाली अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव आणि रॅम लिहिलेली असते. विंडोज अकराला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम दोन नावाची एक सुरक्षेची चिप. प्रोसेसरच्या नावात आय-थ्री, आय-फाइव्हच्या पुढे चार आकडे असतील आणि पहिला आकडा दोन ते सातमधला असेल, तर ते यंत्र जुन्यात गेलं. पाच आकडे असतील आणि सुरुवात दहा, अकरा, बारानं असेल, तर काळजी नको. पीसी हेल्थ चेक नावाचं कंपनीचंच मोफत ॲप आहे, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. उत्तर "हो" आलं, तर अकरा फुकट मिळतं. दुकानात पैसे देऊन "टाकून घ्यायची" गरजच नाही.

आमच्या ग्रामसंघाचा निघाला आय-थ्री, चौथ्या पिढीचा. म्हणजे अकरा नाही. दुकानदार म्हणतील, "आम्ही युक्तीनं टाकून देतो." टाकता येतं, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. मग लिंपणासाठीच हा खटाटोप, आणि लिंपणाचाच भरवसा नाही. आमचं मत, हे करू नका.

दुसरी वाट मात्र आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. घरगुती कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्ष जादा देखभाल ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथे विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" अशी ओळ दिसते. विंडोज दहाची शेवटची आवृत्ती, २२एच२, असेल तरच ती दिसते. नसेल तर आधी साठलेली सगळी अपडेट होऊ द्या. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून आपली सेटिंग्ज त्यात जपायला हो म्हटलं, तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर एकदाच तीस डॉलरच्या आसपास फी आहे.

इथेच आम्ही अडलो. खातं कोणाच्या नावानं? विचारल्यावर कळलं की आधीचं सगळं काम एका ताईंच्या भाच्यानं करून दिलेलं. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि तो गेला पुण्याला नोकरीला. फोन केला तर म्हणतो, "मावशी, आठवत नाही." हे तुमच्याकडेही असणार, पैज लावा. शेवटी ग्रामसंघाच्या नावानं नवा ईमेल काढला. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटावर तिघींच्या सह्या केल्या आणि ते कॅशपेटीत ठेवलं. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शिकलेली माणसं सांगतात. टेबलावर चिकटवू नये हे खरं. कुलपातल्या पेटीत ठेवण्यात आम्हाला काही चूक दिसत नाही. विसरलेला पासवर्ड किती नडतो ते आम्ही तिथे बघितलंच.

आता आमच्यातल्याच एकीची फजिती. तिनंच सांगायची परवानगी दिली आहे. महिन्याभरापूर्वी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर ती पाककृती शोधत होती. अचानक लाल पडदा, भोंग्यासारखा आवाज, आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा". विंडोज बंद झाल्याची बातमी कानावर होतीच, त्यामुळे तिला वाटलं हेच ते. तिनं फोन लावला. पलीकडे फार गोड हिंदी. त्यांनी एक ॲप घ्यायला लावलं, ज्यानं आपला पडदा त्यांना तिकडे दिसतो आणि माऊसही त्यांच्याच हातात जातो. मग म्हणाले, "मॅडम, बँक सुरक्षित आहे का ते तपासूया, एक ओटीपी येईल." तेवढ्यात दुसरी खोलीत आली आणि तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं. पैसे गेले नाहीत. ती मात्र दोन दिवस जेवली नाही नीट.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. देखभाल संपल्याचा जो निळा पडदा येतो तो खरा असतो, त्यावर "नंतर आठवण करा" असं बटण असतं आणि तो गुपचूप निघून जातो. भोंगा वाजवणारा लाल पडदा म्हणजे साधं वेबपान. एस्केपचं बटण दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, यादीत ब्राऊझरचं नाव येईल, ते निवडून एंड टास्क करा. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं आणू का" विचारेल, तर नको म्हणा. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

कोणी विचारलं, "आम्ही इंटरनेटच काढून टाकतो, नुसता हिशोब लिहितो, मग काय?" चालेल. खरंच चालेल. पण मग पेनड्राइव्ह आलाच, आणि तो झेरॉक्सच्या दुकानात जाऊन येतो. तिथून शॉर्टकटचा व्हायरस घेऊन येतो. सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेली चित्रं. त्या बाणावर दोनदा टिचकी मारू नका आणि घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. फायली बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. जाणत्या माणसाला त्या दहा मिनिटांत बाहेर काढता येतात. बँकेचं काम मात्र देखभाल थांबलेल्या कॉम्प्युटरवर करू नका.

लिनक्सबद्दलही दोघींनी विचारलं. फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, मराठी टायपिंगही होतं. पण अडल्यावर हाकेच्या अंतरावर माहीतगार असेल तरच.

आता ज्यासाठी आम्ही हे सगळं लिहायला बसलो, ती गोष्ट. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी, विंडोज बदलण्याआधी, दुरुस्तीला देण्याआधी, आतल्या फायलींची नक्कल दोन ठिकाणी काढा. एक पेनड्राइव्ह ऑफिसात, दुसरा कोणाच्या तरी घरी. दुकानदार फॉरमॅट मारतो तेव्हा "बॅकअप आहे ना?" असं पुटपुटतो, आपण मान हलवतो, आणि दहा वर्षांची कर्जखाती जातात.

आणि फायलींबरोबर फॉन्टही घ्या. हे का ते सांगतो. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आपण मराठी टाइप करायचो, तेव्हा कॉम्प्युटर आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवायचा. फॉन्ट त्या अक्षरांना फक्त मराठी वेष चढवायचा. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की वेष उतरतो आणि प्रोसिडिंगच्या जागी चिन्हांचा काला दिसतो. फाईल खराब झाली असं वाटून लोक ती पुसूनही टाकतात! युनिकोडमध्ये तसं होत नाही, तिथे देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तुमच्या फोनवरचं मराठी कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. तेव्हा जुनं यंत्र चालू आहे तोवर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात जा, तिथे फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, त्यातले मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नंतर मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं हटकून बिघडतात, ती वाचून दुरुस्त करा. आकडे मात्र नुसते वाचू नका, पासबुकाशी ताडून बघा. आम्हाला एका हप्त्यात एक शून्य कमी सापडलं.

ग्रामसंघानं शेवटी काय केलं? जादा वर्षाची नोंदणी झाली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. त्याचा खर्च नव्या कॉम्प्युटरपुढे अगदी किरकोळ, आणि यंत्र इतकं पळतंय की सचिव ताई म्हणाल्या, "हे आधीच का नाही केलं?" चेक रद्द झाला. आमच्यातली एक अजूनही म्हणते की वर्षभरानं घ्यावाच लागणार, मग आत्ताच का नाही? तिचंही चुकत नाही. पण वर्षभरात पैसे साठवायला वेळ मिळतो, आणि तेव्हा दुकानदारानं सांगितलेलं नको, तर आठव्या पिढीच्या पुढचं, बिलासकट, खऱ्या विंडोजचं यंत्र मागता येतं.

एक काम अडलंय. २०१३ ते २०१६ ची प्रोसिडिंग कुठल्या फॉन्टात आहेत तेच कळत नाही. कृतिदेव लावून पाहिला, श्रीलिपीचे चार प्रकार लावून पाहिले, काही जुळेना. तेव्हा टाइप करायला जी मुलगी यायची ती लग्न होऊन बारामतीकडे गेली आहे. तिच्या आईकडून नंबर मिळाला आहे, रविवारी फोन करणार आहोत.