नळाची धार आणि दंडावरचा पट्टा

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या जलाशयांचे पाणी मिळते. ते घरोघरी पोहोचवण्यासाठी आधी उंच टाकीत चढवावे लागते. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर अधिक. वरच्या मजल्यावरील नळाची धार मात्र बारीक. द्रवाचा दाब उंचीनुसार बदलतो, हे आपण असे नित्य अनुभवतो. हाच नियम आपल्या रक्तालाही लागू आहे, याचा मात्र विसर पडतो.

घरी रक्तदाब मोजताना आपला हात कोठे असतो, हे एकदा पाहावे. तो खाली लोंबत असेल, तर दंडावरचा पट्टा हृदयापेक्षा खाली जातो. या उंचीत १० सेंटिमीटरचा फरक पडला, की आकडा ७ ते ८ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे १३२ चा दाब १४० दिसू शकतो. हात हृदयापेक्षा उंच धरला, तर तो तितकाच कमी दिसतो. यंत्रात दोष नसतो. पण अशा आकड्यांवरून औषधाची मात्रा बदलली, तर त्रास रुग्णाला होतो.

म्हणून ५ मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत असावा. मोजताना बोलू नये. १ मिनिटाने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहावेत.

आता दुसरी गोष्ट. अंथरुणातून उठून उभे राहिलो, की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावून दाब सावरतात. उतारवयात हे सावरणे मंदावते. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे सुरू असतील आणि विदर्भातील वैशाखाच्या उन्हाने शरीरातील पाणी घटले असेल, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीसाठी उठताना असा तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते आणि हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते.

हे टाळण्यासाठी आधी कुशीवर वळावे, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसावे, घोटे हलवावेत आणि आधार धरूनच उभे राहावे. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक नोंद अवश्य करावी. रुग्णाला ५ मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा. नंतर उभे करून, जवळ आधाराला थांबून, १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने, अथवा त्याहून अधिक उतरला, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.