निर्दोष फाइल, सदोष निदान

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल ज्ञात विषाणूंच्या ओळखखुणांशी ताडून पाहतो आणि तशा खुणा एखाद्या निरुपद्रवी फाइलमध्ये योगायोगाने आढळल्या, तर तिलाही विषाणू ठरवतो. या चुकीच्या निदानाला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीतील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल विषाणू मानली, आणि नेटवर्कसह विंडोजच्या अनेक सेवा याच फाइलच्या आधारे चालत असल्यामुळे हजारो संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले. नेटवर्कच तुटल्याने तंत्रज्ञांना बाधित यंत्रांपाशी स्वतः जाऊन मूळ फाइल परत बसवावी लागली.

असा प्रसंग ओढवल्यास संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे किमान आवश्यक घटकांसह, सुरू करावा, अँटिव्हायरसच्या नोंदींत कोणती फाइल अडवली गेली ते पाहावे आणि ‘क्वारंटाइन’मधून, म्हणजे संशयित फाइली अलग ठेवण्याच्या जागेतून, ती परत आणण्यापूर्वी तिच्या निर्मात्याची ओळख पटवणारी डिजिटल स्वाक्षरी तपासावी. फाइल निर्दोष ठरल्यास केवळ तिलाच अपवाद द्यावा आणि चूक कंपनीला कळवावी; संपूर्ण संरक्षण मात्र कधीही बंद करून ठेवू नये.